कोटातले आबा

काकांनी वर्तमानपत्राचा कागद फाडला आणि आतून कोट-टाय घातलेला एक माणूस निघाला. मागे निळा पडदा, खांद्यावर सुरकुती नाही, केस तेल लावून चापून बसवलेले. काकांनी फ्रेम खुर्चीवर टेकवली, दोन पावलं मागे सरले आणि मान तिरकी करून बघत राहिले.

"कोण हे?" मी विचारलं.

"कोण म्हंजे? तुझा बा हाय. डोळं फुटलं काय?"

डोळे फुटले नव्हते. चेहरा आबांचाच होता. पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले, हसताना डोळ्यांच्या नुसत्या फटी. पण मानेखाली कुणीतरी परका माणूस होता, पतसंस्थेचा चेअरमन शोभावा असा. आबांच्या अंगाला कोट एकदाच लागला होता, त्यांच्या लग्नात, आणि वरातीत उकडायला लागलं म्हणून तो त्यांनी काढून घोडेवाल्याच्या खांद्यावर टाकला होता. ही गोष्ट काका स्वतःच दर दिवाळीला सांगायचे.

"बरं दिसत्यात की," आई म्हणाली. तिने पदराने काच पुसली. "कधी न्हाई ते नीट बसल्यात."

"आई, हे आबा नाहीत."

"मग काय बनेलवरचा फोटो लावायचा व्हय भिंतीला?" काका म्हणाले. "उद्या उत्तरकार्य. चार लोक येणार, फुलं वाहणार. माणूस गेल्यावर तरी माणसात आल्यासारखा दिसू दे."

माणसात. हा शब्द मला लागला. अजून लागतो. काका सहकारी बँकेतून निवृत्त झालेले, घरातले मोठे. आबा म्हणजे त्यांच्या लेखी रानात चुकून राहिलेलं जनावर.

आबा शिरोलीच्या एका फौंड्रीत मोल्डर होते, लोखंड ओतायचे वाळूचे साचे करायचे. सहा दिवस पत्र्याखाली, काळ्या वाळूत, ओतीव लोखंडाच्या धगीत. घरी आले की नाकातूनसुद्धा काळं निघायचं. पण या गोष्टीचं त्यांनी कधी कौतुकही केलं नाही आणि तक्रारही केली नाही. कामाला ते कधी उशिरा गेले नाहीत. फक्त कामावरून सुटले की त्यांना डोक्यावर पत्रा नको असायचा. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर ते अंगणातल्या खाटेवर झोपायचे. "आभाळ फुकट हाय तवर वापरून घ्यावं," म्हणायचे. रविवार उजाडला की ते घरात सापडायचे नाहीत. सापडायचे नाहीत म्हणजे आम्हीही सापडायचो नाही, कारण ते आम्हाला घेऊन जायचे. जोतिबा, पन्हाळा, मसाई पठार. उन्हाळ्यात पंचगंगा. तीन दगडांवर रस्सा, खडकाखालचे खेकडे, खिशात करवंदं. फार गोड माणूस होते असं मी म्हणणार नाही. चिडके होते, तंबाखू कुठेही थुंकायचे, माझ्या शाळेत एकदाही आले नाहीत. पण आमच्या कसबा बावड्याच्या गल्लीत रविवारी बायको-पोरांना घेऊन डोंगरावर जाणारा दुसरा बाप नव्हता.

आणि माझा उजवा पाय पोलिओचा. लहानपणापासून त्यात लोखंडी पट्ट्यांचा बूट. म्हणजे ते मला कसे नेत असतील ते समजून घ्या. कडेवर घेऊन पन्हाळा चढता येत नाही. मी खांद्यावर.

मरण पण त्यांना रविवारीच आलं. जोतिबाच्या पायवाटेवर मित्रांबरोबर चढत होते, झाडाखाली पाणी प्यायला बसले, आणि बसलेच. मित्रांना वाटलं दम खातायत. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

"हा चेहरा कुठल्या फोटोतला आहे?" मी काकांना विचारलं.

"हुता एक."

"कुठला? आबांचा असा हसरा फोटो घरात एकच आहे."

काकांनी उदयकडे पाहिलं. उदय माझा धाकटा भाऊ, तेव्हा चोवीस वर्षांचा. तो चपला घालून बाहेर निघून गेला. चहाची वेळ होती आणि उदय चहा सोडून कधी उठत नसे.

मी ट्रंक उघडायला निघाले तेव्हा काकांनी मला थांबवलं. "बस जरा, सुवर्णा. एक सांगायचं हाय." त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. काकांचा आवाज मऊ झाला की समजावं, आपल्या ताटातलं काहीतरी जाणार आहे. "उद्या कागलची पाव्हणी येणार हायत. दुखवट्यालाच, पण घर बी बघून जातील. वर्षाच्या आत उदयचं उरकलं तर उरकलं, न्हाईतर तीन वर्षं घरात कार्य करता येत न्हाई. पोरगी चांगली हाय."

"मग येऊ देत की."

"येऊ देत म्हंजे, तू उद्या जेवणाच्या टायमाला जरा शेवंताकाकूकडं जाऊन बस. दोन तासाचा परश्न हाय. एकदा ठरलं, की तुझं सांगू की मागनं. लपवायचं थोडंच हाय."

मी आईकडे पाहिलं. ती अजून काच पुसत होती. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

"माझ्या बापाच्या उत्तरकार्याला मी शेजारच्या घरात बसू?"

"आरडू नगंस. बाहेर लोक हायत."

मी ट्रंक उघडली. आबांचं सगळं जागेवर होतं: फौंड्रीचा पास, पितळी अडकित्ता, माझ्या बुटाच्या जुन्या पट्ट्या. हो, त्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या. बुटाची पट्टी तुटली की ते स्वतःच रिबिट मारून द्यायचे. लाल कापडाच्या घडीत फोटो असायचा. घडी होती. फोटो नव्हता.

त्या फोटोबद्दल मला सांगायलाच पाहिजे. आबांच्या फौंड्रीतले मुलाणीकाका एकदा कुणाचातरी कॅमेरा मागून मसाई पठारावर घेऊन आले होते. मी नऊ वर्षांची. आबा बनेलवर, कमरेला टॉवेल, आणि मी त्यांच्या खांद्यावर. माझा बुटाचा पाय त्यांच्या छातीवर लोंबतोय. वाऱ्याने पडू नये म्हणून मी त्यांचं कपाळ दोन्ही हातांनी घट्ट धरलंय, बोटं जवळजवळ डोळ्यांत. आणि ते ओरडतायत, "आंधळा करतीस काय गं बापाला?" आणि ओरडता ओरडता हसतायत. मुलाणीकाकांनी तेवढ्यात बटण दाबलं. आबांचा हसतानाचा दुसरा फोटो नाही, कारण कॅमेरा दिसला की ते पोलिसासमोर उभे राहिल्यासारखे उभे राहायचे.

चौकातला स्टुडिओ आमच्या घरापासून लांब नाही, पण माझ्यासाठी थोडा आहेच. गेले. फोटोवाला ब्रश धुत होता. मला बघून तो ओळखीचं हसला.

"मिळाला न्हवं का फोटो? कसा झालाय?"

"मूळ फोटो कुठंय?"

"मूळ?" त्याने जरा डोकं खाजवलं. "निगेटिव न्हवती वो. मग कापायलाच लागतंय. डोकं कापायचं, कोटाच्या फोटोवर चिकटवायचं, त्याचा परत फोटो काढून मोठा करायचा. सगळी असंच करत्यात."

"कापला?"

"तुमच्या भावानंच सांगितलं की, पोरगी काढा." मग माझ्या पायाकडे त्याचं लक्ष गेलं असावं. त्याचं हसू गेलं, पण कारागिराला आपल्या कामाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. "अवघड हुतं बगा. कपाळावर बोटं हुती. ती काय कापून निघंनात, कपाळ बी गेलं असतं. मग मोठा झाल्यावर वरनं रंगानं भरून काढली. केस खाली ओढलं जरा. कुणाला कळायचं न्हाई."

"राहिलेला तुकडा द्या."

त्याने टेबलाखालच्या डब्यात हात घातला, कातरणांच्या ढिगातून एक काढून झटकला आणि दिला.

मसाई पठार होतं. वाकलेलं गवत होतं. बनेल, टॉवेल, बुटाचा पाय. आणि बिनडोक्याच्या एका माणसाच्या खांद्यावर मी बसले होते. माझे हात पुढे केलेले, आणि मनगटापाशी संपलेले.

मी रडले नाही. मला रडू येत नव्हतं, मला कुणाचातरी गळा धरायचा होता. काकांनी हे केलं असतं तर मी त्यांना चार शब्द सुनावले असते आणि विषय मिटला असता. काकांकडून मला काहीच अपेक्षा नव्हती. पण उदय. ज्याला मी बाराखडी शिकवली, ज्याची दहावीची गणितं पार पडावीत म्हणून मी आख्खा मे महिना त्याच्या उरावर बसले, तो स्टुडिओत जाऊन म्हणाला, पोरगी काढा.

तो राजाराम बंधाऱ्यावर बसलेला सापडला. तिथे आबांनी आम्हा दोघांना पोहायला शिकवलं होतं, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. पाण्यात मी त्याच्यापेक्षा पुढे असायचे. पाण्यात पायाची कुणी चौकशी करत नाही.

मी तुकडा त्याच्यासमोर धरला. त्याने पाहिला आणि मान फिरवली.

"काकांनी सांगितलं म्हणून केलं," तो म्हणाला.

"काका गेले होते स्टुडिओत?"

त्याने एक खडा उचलून पाण्यात टाकला.

"मला बाहेर बसवायचं हेही तुला माहीत होतं?"

"दोन तासाचं काय एवढं? तुला काय वाटतंय, मला आवडतंय व्हय हे? पण तीन वर्षं थांबायचं? आणि दर पाव्हण्याला हेच सांगत बसायचं?"

"काय सांगायचं? तुला बहीण आहे हे?"

तेव्हा तो उसळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "तूच, तूच, तूच. सगळीकडं तूच. त्या फोटोत मी कुठं हाय सांग की. मी हुतो तितं. पाठीमागं पिशव्या धरून उभा हुतो. सगळ्या डोंगरावर मी पिशव्या धरून तुमच्या मागनं चाललोय. माझं पाय बरं हुतं न्हवं, मग मला कशाला कोण उचलंल? एकदा म्हटलं, आबा, मला घ्या की. म्हणाले, तुला पाय हायत."

हे मला माहीत नव्हतं. माहीत झालं म्हणून माझा राग गेला असंही नाही. उलट वाढला. एवढं मनात होतं तर मला सांगायचं होतं, आबांना सांगायचं होतं, बंधाऱ्यावरून पाण्यात ढकलायचं होतं मला. हात कापायचे नव्हते.

"उद्या मी घरात असणार," मी म्हणाले. "तुला जे सांगायचंय ते पाव्हण्यांना सांग."

दुसऱ्या दिवशी बाहेरच्या खोलीत लोक जमले. खुर्चीवर कोटातले आबा, गळ्यात झेंडूचा हार. येणारा माणूस फुलं टाकायचा आणि चेहऱ्याकडे बघून जरा थबकायचा. आबांच्या फौंड्रीतले लोक तर चक्रावलेच. मुलाणीकाका बराच वेळ फ्रेमसमोर उभे राहिले आणि मग माझ्याजवळ येऊन, आबांचं नाव घेऊन हळूच म्हणाले, "हिंदुराव लईच गरम झाला असंल गं ह्यात." त्या बारा दिवसांत मी तेवढं एकदाच हसले.

मी आतल्या खोलीच्या उंबऱ्यात, सगळ्यांना दिसेन अशी बसले होते. साडी जरा वर घेऊन, बूट पुढे करून. काका दोनदा येऊन डोळे वटारून गेले. शेवंताकाकू येऊन "चल की गं" म्हणून हात धरून गेल्या. मी उठले नाही.

कागलचे पाव्हणे आले. मुलीचा बाप आणि मामा, दोघंही पांढऱ्या टोपीत. फुलं वाहिली, चटईवर बसले. चहा आला. बापाने फोटोकडे पाहिलं.

"बँकेत हुते काय?"

"न्हाई, फौंड्रीत," काका म्हणाले. "सुपरवायझर." तेही खोटं होतं.

"आणि ही?" त्याने माझ्याकडे हनुवटीने विचारलं.

काका म्हणाले, "शेजारची हाय."

ते इतक्या सहज म्हणाले की क्षणभर मलाच खरं वाटलं असतं. मी उदयकडे पाहिलं. उदय चहाच्या कपात बघत होता. मी मनातल्या मनात त्याला वेळ दिला. एक घोट, दोन घोट. त्याने कप खाली ठेवला आणि बशी सरळ केली.

मी उठले. बुटाचा आवाज फरशीवर होतोच, तो मी होऊ दिला. मी पदरातून तुकडा काढून पाव्हण्यांच्या पुढ्यात ठेवला.

"मी शेजारची नाही. मी मोठी मुलगी. हे माझे आबा. ह्यांचं डोकं कापून त्या कोटाला लावलंय, आणि माझे हात बी. आबा सुपरवायझर नव्हते, मोल्डर होते. तुमच्या मुलीला या घरात द्यायचं असेल तर हे बघून द्या."

मुलीच्या बापाने तुकडा उचलला, लांब धरून पाहिला, मामाकडे दिला. मामाने तो घाईने खाली ठेवला.

तो आईने उचलला. तिने तो आतापर्यंत पाहिलाच नव्हता. खोटं कशाला सांगू, मीच दाखवला नव्हता. मला वाटलं होतं तिलाही हे ठाऊक आहे. ती खिडकीपाशी उजेडात गेली. बोटाने आबांच्या मानेची कापलेली कड चाचपली. मग माझी मनगटं.

"भावजी," ती काकांना म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "ह्येंच्या खांद्यावर माझी पोरगी हुती."

"वैनी, पाव्हणं बसल्यात."

"बसू देत." तिने खुर्चीवरच्या फ्रेमचा हार काढला. तुकडा भिंतीला टेकवून फडताळावर ठेवला आणि त्याच्यापुढे हार ठेवला. हार एवढा मोठा की तुकडा त्यात दिसेनासा झाला, म्हणून तिने तो दुमडून लहान केला. मग फ्रेम उचलून काकांच्या हातात दिली. "ह्यो तुमचा भाऊ. तुमी घरला न्यावा. माझा नवरा हितं हाय."

कागलहून नकार आला. कारण कळवलं नाही, पण काकांनी ते माझ्या पायाला बांधून टाकलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही. वर्ष उलटलं. उदयला तीन वर्षं थांबावं लागलं. मग त्याचं लग्न झालं, मुलं झाली, आणि आम्ही एकमेकांशी घरापुरतं बोलत राहिलो. मीठ दे, दार लाव, आईचं औषध आण. आईच्या फडताळावर बिनडोक्याचे आबा ती असेपर्यंत होते. येणारे-जाणारे विचारायचे, आणि ती न कंटाळता सांगायची.

गेल्या वर्षी काका गेले. आई नव्हती, म्हणून उदय आणि मी भेटायला गेलो. काकांची सून आम्हाला माडीवरच्या खोलीत घेऊन गेली. भिंतीवर काकांचा नवा फोटो, कोटातच. त्यांचा कोट मात्र स्वतःचा. शेजारी, ओल आलेल्या भिंतीवर, आबा. इतकी वर्षं मी त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं.

निळा पडदा फिका झाला होता. कोटाचा काळा रंग तपकिरी झाला होता. आणि कपाळावरचा रंग ओलीने पापुद्रे धरून सुटला होता. जिथून सुटला होता तिथून काहीतरी वर आलं होतं. आधी मला ते डाग वाटले. मी चष्मा पुसून जवळ गेले. डाव्या भुवईवर चार, उजव्या भुवईवर चार. लहान, आखूड नखांची, घट्ट धरलेली.

"बुरशी धरलीय त्याला," सून म्हणाली. "टाकूनच देणार हुतो आता."

"बुरशी नाही," मी म्हणाले. "माझी बोटं आहेत."

तिला काही कळलं नाही. उदय माझ्या मागे उभा होता. तो पुढे आला, बराच वेळ बघत राहिला. मग त्याने खिळ्यावरून फ्रेम उतरवली, मागची जळमटं हाताने काढली आणि ती काखेत धरली.

"मी घेतो," तो म्हणाला.

"माझा राग गेलेला नाही, उदय."

"ठाऊक हाय."

मी जिना उतरायला लागले. तो माझ्या मागून, एकेक पायरी थांबत, फ्रेम दोन्ही हातांनी धरून येत होता.

"पायरी बघ," तो म्हणाला.

"तू फ्रेम बघ," मी म्हणाले.